जत्रेचं रीळ

जामखेड,
१२ फेब्रुवारी १९७३

चि. भीमा हिस मामांचे आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी काय लिहायचं या घोळात पहिला कागद फाडला. रीतीप्रमाणं गं. भा. लिहायला हवं. जन्मभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, पण ती दोन अक्षरं माझ्या हातून उतरेनात. म्हणून नुसतं चि. लिहिलं आहे. तू समजून घेशील.

तुझा भाऊ सहादेव तुला माहेरी बेलापूरला न्यायला आला, त्या दिवशी तुझ्या सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. त्याआधी त्या तुला काय काय बोलल्या तेही तू विसरली नसशील. 'तुझ्या पायानं माझा ल्योक गेला' हे वाक्य मीही, मच्छिंद्रचा बाप, विसरलो नाही. पण आज त्याबद्दल लिहीत नाही. आज जे लिहायचं आहे ते कसं सांगावं कळत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहितो.

पाण्याचे हाल आहेत. आपल्या आडात उतरलं तर पायाला ओल लागते एवढंच. खर्ड्याच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं आहे. आसपासच्या गावांची माणसं तिथंच पालं ठोकून राहिली आहेत. दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी सुकडी खायची. मग बसून करायचं काय? तर नूरुद्दीननं तिथं तंबू लावला आहे. आपला टुरिंग टॉकीजवाला नूरुद्दीन, जत्रेत यायचा तो. नवी चित्रं त्याच्या तंबूला कोण देणार! जुनीच आणतो. तीच ती देवादिकांची, तीच ती सासुरवासाची. पण माणसं नाक मुरडत नाहीत. उलट बायका एकमेकींना आधीच सांगतात, 'आता बघ, आता ती घर सोडती.'

माझं म्हणणं तुला पाठ असेल. चित्र पहिल्यांदा बघायचं ते गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा बघायचं ते माणसांसाठी. पहिल्या वेळी पुढं काय होणार या काळजीत आपण आजूबाजूचं बघतच नाही. दुसऱ्या वेळी काळजी नसते. मग दिसतं की नायिका रडते तेव्हा मागं उभी असलेली मोलकरीणही डोळे पुसते आहे. जुनं चित्र पुन्हा बघावं ते त्या मोलकरणीसाठी. मच्छिंद्र मला हसायचा. 'आण्णा, तुमी तिकिटाचं पैसं वसूल करताय.' आणि तू दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून अख्खं चित्र सासूबाईंना सांगायचीस. गाणी म्हणून दाखवायचीस. भाकरी तव्यावर करपायची आणि ही म्हणायची, 'मंग फुडं?'

भीमा, नूरुद्दीननं जत्रेचं चित्र आणलं आहे.

तुमचं लग्न झालं त्या वर्षी कोल्हापूरकडची कंपनी आपल्या जत्रेत शूटिंगला आली होती, ते चित्र. जत्रेत हरवलेल्या मुलीची गोष्ट. पाळण्याजवळ गर्दी हवी म्हणून त्यांनी आपल्या गावातली माणसं उभी केली होती. मच्छिंद्रच्या डोक्याला फेटा बांधला. तुला बाजूला काढलं, कारण गोष्ट इंग्रजांच्या वेळची आणि तुझ्या अंगावर नवीकोरी नायलॉनची साडी. कंपनीचा माणूस म्हणाला होता, 'वहिनी, तुम्ही जरा दोरीच्या अलीकडं या.' पुढं ते चित्र आलं तेव्हा आपण सगळे बैलगाडी जुंपून गेलो. 'त्यो बघा मी,' म्हणून मच्छिंद्र तंबूत उभाच राहिला आणि मागच्यांनी त्याला खाली बसवलं. मग आपण ते विसरून गेलो. गंमतच होती ती.

तीन दिवसांपूर्वी पाटी वाचली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशीही तसाच परत आलो. काल एकटा आत गेलो.

दिसला मला तो. फार वेळ नाही. पाणी पिऊन पेला खाली ठेवावा, तेवढाच. पण दिसला. पाळण्याच्या खांबाला टेकून उभा आहे आणि हसतो आहे.

तुला एक सांगतो, हे कुणाला बोललो नव्हतो. गेल्या उन्हाळ्यात विहिरीच्या कामावरून त्याला घरी आणलं, तेव्हा सुरुंगाच्या दगडानं त्याच्या तोंडाचं जे केलं होतं ते मी बघितलं. तुम्हा दोघींना बघू दिलं नाही. तेव्हापासून डोळे मिटले की मला तेवढंच दिसायचं. त्याचा आधीचा चेहरा आठवायला जावं तर आठवत नसे. घरात त्याचा एक फोटो नाही. कधी काढायचं सुचलंच नाही. काल तो चेहरा मला परत मिळाला. घरी येताना रस्त्यात दोनदा खाली बसलो.

सासूबाईंना सांगितलेलं नाही. सांगावं का? तुझं मत कळव.

तुझा मामा,
रंगनाथ


जामखेड,
२३ फेब्रुवारी १९७३

चि. भीमा हिस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. वाट बघत होतो असं काही नाही. पोस्टात तसंही मला रोज जावंच लागतं.

तुझ्या मताची गरज उरली नाही. शेजारची रंगुबाई कामावर खडी फोडते. ती पाणी मागायला आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, 'आक्काबाई, तुमचा मच्छिंद्र हाय की वो तंबूत. काल बघितला म्या. लई हसतोय.'

ही ज्वारी निवडत होती. सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि चालू लागली. ऊन मी म्हणत होतं. मी मागून जोडा अडकवत गेलो. तंबूत कुणी नव्हतं. नूरुद्दीन इंजिनाला तेल घालत होता. म्हणाला, 'मावशी, दिस मावळल्याबिगर पडद्यावर काय बी दिसत न्हाई. सांच्याला या.' ही तिथंच तंबूच्या सावलीला बसली. उठेच ना. मग मीही बसलो. नूरुद्दीननं त्याच्या घागरीतलं पाणी दिलं. या दिवसांत पाणी देणं म्हणजे काय ते तुला बेलापुरात, पाटाच्या कडेला बसून कळणार नाही.

मच्छिंद्र गेल्यापासून ही रडली नव्हती, तुला माहीत आहे. भांडली, बोलली, तुला नाही नाही ते बोलली, पण डोळ्यातून थेंब नाही. मला भीती वाटायची.

तंबूत मधे दोरी असते, एका बाजूला बायका आणि एका बाजूला पुरुष. आम्ही दोरीला धरून बसलो, ती पलीकडं आणि मी अलीकडं. पाळणा आला तेव्हा मी दोरीखालून तिचा हात धरला. तो आला. हसला. गेला.  मग ही एकदम मोठ्यानं म्हणाली, 'अगं बया, दात बघा की त्याचा!'

तुटलेला दात. लहानपणी आडाच्या रहाटावर आपटून अर्धा गेलेला. माझ्या लक्षातच आला नव्हता.

मग ती रडायला लागली. चित्रात नेमकी तेव्हाच ती मुलगी हरवते, त्यामुळं तंबूतल्या सगळ्याच बायका रडत होत्या. हिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. बरंच झालं.

तेव्हापासून रोज जाते. मी तिच्या सोबतीला म्हणून जातो. नूरुद्दीननं चित्र बदललं, पण कोणतंही चित्र असो, आधी जत्रेचं रीळ लावतो. आता खडीवरच्या सगळ्यांना माहीत झालं आहे. कुणी कुरकुरत नाही. पाळणा आला की माणसं आपोआप गप्प होतात. तो गेला की ही उठते आणि आम्ही घरी येतो. वाटेत ती बोलते. 'आज जरा उशिरा आला का वो?' 'फेटा सैल बांधलाय, म्या असते तर नीट केला असता.' मी हो हो म्हणतो. रात्री जेवते आता. आधी जेवत नव्हती.

परवा मात्र वाटेत थांबली. म्हणाली, 'त्यो बघतोय कुनाकडं?'

मी म्हटलं, 'पाळण्याकडं.'

'पाळना त्याच्या मागं हाय. त्यो हिकडं डाव्या अंगाला बघतोय. कुनीतरी हाय तितं. कुनाला तरी बघून हसतोय त्यो.'

मी म्हटलं, 'असेल कंपनीचा माणूस.'

भीमा, तिथं कोण होतं ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. दोरीच्या अलीकडं उभी राहून तू त्याला वेडावून दाखवत होतीस. मी तुझ्यामागं उभा होतो. सून सासऱ्यादेखत असं करते म्हणून मी तोंड फिरवून घेतलं होतं.

हे हिला सांगितलं नाही.

मामा


जामखेड,
९ मार्च १९७३

चि. भीमा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डात तू दोन गोष्टी लिहिल्यास. आधी सोपी घेतो.

त्याच्या अंगात कोणता सदरा आहे, असं तू विचारलंस. फेटा कंपनीचा, पण सदरा त्याचाच आहे. तू लग्नातल्या कापडाचा शिवून घेतला होतास तो निळा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चित्र काळंपांढरं आहे, तरी मला तो निळाच दिसतो.

आता दुसरी. सहादेवनं तुझ्या पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं, ठरवत आणलं आहे. माणूस श्रीगोंद्याकडं साखर कारखान्यात फिटर आहे, बायको बाळंतपणात गेली, लहान मुलगी आहे. तू लिहितेस की मुलगी एकदा तुझ्या मांडीवर झोपली. आणि लिहितेस, 'मामा आणि आत्याबाई दोघांनी हो म्हटलं तरच.'

माझं हो आहे. ते मी या ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढं हात अडखळायला नको. तुला अजून तिशीही लागलेली नाही. तुझ्यापुढं सगळा जन्म पडला आहे. मच्छिंद्र असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. तो असता तर त्यानं आकांत केला असता. पण तो नाही. म्हणून हो.

पण तू दोघांचं मागितलंस.

कार्ड आलं त्याच संध्याकाळी मी हिच्यापुढं विषय काढला. पाटाचं सांगितलं. ही चूल फुंकत होती, फुंकतच राहिली. मग मला वाटलं, तो कुणाकडं बघतो आहे हे हिला कळलं तर हिचं मन तुझ्याबद्दल मऊ होईल. म्हणून तेही सांगितलं. साडीचं, दोरीचं, वेडावण्याचं, सगळं.

माझा अंदाज साफ चुकला.

फुंकणी खाली ठेवून ती म्हणाली, 'मी बी हुते की तितं.'

मी म्हटलं, 'होतीस ना.'

'बत्ताश्याच्या दुकानाम्होरं हुते. त्याला चांगली दिसत हुते. मग माझ्याकडं का न्हाई बघितलं त्यानं?'

तिनं फुंकणी पुन्हा उचलली.

'नव म्हैने पोटात वागिवला. रहाटावर पडला तवा रगात माझ्या पदराला पुसलं. आन आता कुटं तो मला दिसाया लागला, तर तितं बी त्यो तिच्याकडंच बघतोय.' मग म्हणाली, 'तिला काय करायचं ते करू द्या. मला इचारू नगा.'

तेव्हापासून ती तंबूत गेलेली नाही. संध्याकाळ झाली की भिंतीला तोंड करून पडते. नूरुद्दीननं निरोप पाठवला, 'मावशी आजारी हाईत का?' 

मी एकटाच जातो. आता मी सोबतीला म्हणून जातो असं तुला लिहिता येणार नाही.

मामा


जामखेड,
२० मार्च १९७३

चि. भीमा,

घाईत लिहितो. सायंकाळच्या टपालात पडायला हवं.

नूरुद्दीन तंबू हलवतो आहे. नगरच्या ऑफिसनं जत्रेचं चित्र परत मागवलं आहे. तो म्हणतो रीळ पार घासलंय, जागोजागी तुटतंय, आता ते फिरतीवर जाणार नाही. दुसरी प्रत कुठं आहे हे त्याला माहीत नाही. असेलही कुठं. नसेलही.

हे त्यानं मला आपल्या ओसरीवर सांगितलं. आत भिंतीकडं तोंड करून पडलेली माणसं झोपलेली असतातच असं नाही. ही उठून दारात आली.

'नूरभाई, तेवढा तुकडा कापून द्या मला.'

तो उठून उभा राहिला. 'मावशी, ते रीळ माझं न्हाई. माझं असतं तर आक्खं तुमच्या पदरात टाकलं असतं.'

'तेवढाच. माझ्या लेकाचाच. बाकीचं तुमी घेऊन जा.'

'मावशी, तुकडा हातात घेतला तर काय दिसतंय? नखाएवढी चित्रं. मशीन लागतंय, लाईट लागतोय, पडदा लागतोय.'

'म्या उन्हात धरून बघंन.'

नूरुद्दीन रडला, भीमा. एवढा थोराड माणूस. त्याची शहजादी नावाची मुलगी तापानं गेली त्याला फार दिवस झाले नाहीत.  शेवटी म्हणाला, 'कापून न्हाई देता येत. पर आयतवारी शेवटचा खेळ हाय. त्या दिवशी जत्रेचं चित्र लावतो. पुरं.'

तो गेल्यावर ही बराच वेळ उंबऱ्यावर बसली.  मग तिनंच विचारलं, माझ्याकडं न बघता, 'यष्टी कवा येती बेलापुरास्नं?'

मी म्हटलं, 'नगरला बदलावी लागते. दुपारची धरली तर दिवस मावळायच्या आत येते.'

'येऊ दे मग,' म्हणाली.

बस, एवढंच. यापेक्षा जास्त ती बोलेल असं मला वाटत नाही. तू ये. रविवारी २५ तारखेला. सहादेवला घेऊन ये म्हणजे त्यालाही वाईट वाटणार नाही. घरी उतर, दोन घास खा, मग आपण तिघं मिळून जाऊ. पाण्याची काळजी करू नकोस, मी दोन दिवस आधीपासून हांडा भरून ठेवतो.

मामा


जामखेड,
३० मार्च १९७३

चि. भीमा हिस आशीर्वाद.

तू आली होतीस.

रविवारी दुपारपासून मी स्टँडवर होतो. नगरची गाडी आली, त्यातून तू उतरली नाहीस. पुढची आली, तीही रिकामीच म्हणायची. दिवस कलला तेव्हा घरी आलो. हिनं भाकरी झाकून ठेवल्या होत्या आणि तुझ्यासाठी पाट मांडला होता. माझ्याकडं बघून तिनं पाट भिंतीला उभा केला. तुम्ही दोघं कर्जतकडच्या गाडीनं आलात आणि परस्पर तंबूवर गेलात, हे नंतर कळलं.

त्या दिवशी तंबू गच्च भरला होता. शेवटचा खेळ म्हणून खडीवरची झाडून सगळी माणसं आली होती. आम्ही नेहमीसारखे दोरीला धरून बसलो. खेळ सुरू झाला आणि ही पडद्याकडं पाठ करून बसली.

मी दोरीपलीकडं वाकून म्हटलं, 'अगं, पडदा इकडं आहे.'

'मला ठावं हाय पडदा कुटं हाय,' म्हणाली.

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मागच्या बायका चिडल्या. 'म्हातारे, तोंड फिरीव की.' ही ऐकेना. एकेकीच्या तोंडाकडं बघत बसली. जत्रा आली, पाळणा आला. मी तिला हलवलं. 'आला बघ, अगं शेवटचा आहे, बघ.' तिनं माझा हात झटकला.

मग मी पडद्याकडं बघितलं. खोटं कशाला सांगू? तेवढ्या वेळापुरता मी तिलाही विसरलो आणि तुलाही. तो हसला आणि गेला. त्याच्यासमोरून एक बैलगाडी गेली, मग धूळ, मग त्या मुलीची आई हाका मारत सुटली.

खाली बघतो तर ही जागेवर नव्हती. बायकांच्या गर्दीतून, कुणाच्या मांडीवर पाय देत, कुणाचा खांदा धरत ती मागच्या खांबाकडं निघाली होती. बायका ओरडत होत्या. मी दोरी ओलांडून गेलो, तर मलाही ओरडल्या. खांबाजवळ पोचलो तेव्हा ती एकटीच उभी होती. म्हणाली, 'हितं हुती.'

नूरुद्दीनला विचारलं.  तो म्हणाला, 'गुर्जी, मला शपत घातलीय.' म्हणजे कळलंच. आम्ही दोघं स्टँडवर गेलो. या वयात तिला मी धावताना बघितलं. गाडी निघून गेली होती.

घरी का आली नाहीस ते मी विचारणार नाही. हिनंही विचारलं नाही. मला आपलं वाटत होतं की ही आता चिडेल, आदळआपट करेल. पण तिनं चूल पेटवली, पिठलं गरम केलं, मला वाढलं. आणि मग बोलली. ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते तुझं आहे.

म्हणाली, 'मी त्याला न्हाई बघितलं. मी तिला बघितलं. खांबाला धरून उभी हुती. पदराचं टोक दातात धरल्यालं. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला हुता. त्यो आला तशी ती हसली. येड्यावानी हसली, वो. जीभ काढून वेडावून दाखिवलं तिनं त्याला. आन त्यो गेला तशी मटकन खाली बसली.'

मी म्हटलं, 'शेवटचा होता. तू बघितला नाहीस त्याला.'

'न्हाई बघितला,' म्हणाली. 'रोज बघत हुते आन रोज कोड्यात पडत हुते, हा एवढा का हसतोय. आता कळलं. असं तोंड बघून कुनी बी हसंल.'

मग ती पुन्हा रडली. या खेपेला मी तिला थांबवलं नाही, आणि तिनंही मला.

नूरुद्दीनचा तंबू सोमवारी उतरला. पेट्या टेम्पोत चढवताना त्यानं जत्रेची पेटी वेगळी ठेवली होती. हिनं तिला हात लावला, वरची धूळ पदरानं पुसली आणि बाजूला झाली. तुकडा मागितला नाही. टेम्पो नगरच्या रस्त्याला लागला.

आता तुझ्या कार्डाचं उत्तर. आज सकाळी ही माझ्यापुढं येऊन बसली आणि म्हणाली, लिवा. ती बोलते तसं लिहितो आहे.

'भीमे, माझं व्हय हाय. पाट लावून घे. त्या पोरीला आईची माया लाव, सावत्रपना करू नगंस. तुझ्या पायानं गेला म्हनले मी. तसं न्हाई. सुरुंगानं गेला. एवढं ध्येनात ठेव, बाकीचं म्या बोलले ते इसर. पिठाच्या डब्यात तुझी जोडवी ऱ्हायली हुती, ती मामा मनिआर्डरसारखं कसं पाठिवत्यात ते बघून पाठिवतील. तितं बी शिनिमाला जात जा. घरात कोंडून बसू नगंस. जुनी चित्रं लागत्याल ती बघ. नव्या नवऱ्यासंगं बघ, हस, पोरीला गोष्ट सांग. पर जत्रंचं लागलं तर जाऊ नगंस. त्यो तिकडं उभा ऱ्हाऊन तुझ्याकडंच बघंल, आन तुझा पाय घरातनं निघंल. त्याला मी सांबाळते. तू जाऊ नगंस.'

मी तिला सांगितलं, अगं, ते रीळ आता कुठंच लागणार नाही. म्हणाली, 'तरी बी लिवा.'

तर लिहिलं.

माझ्याकडून थोडंच. तू या घरात आलीस तेव्हा मला मुलगी मिळाली. ती कुणाच्या जाण्यानं परत जात नाही, पण नव्या घरी जुन्या सासऱ्याची पत्रं येणं बरं दिसत नाही. त्या माणसाला वाटेल, ही अजून तिकडचीच आहे. म्हणून यापुढं मी लिहिणार नाही आणि तूही उत्तर पाठवू नकोस. काही बरंवाईट झालं तर सहादेव कळवीलच. पाटाच्या दिवशी आम्ही येणार नाही. त्या दिवशी इथं पुरणाचा स्वयंपाक करायचा असं हिनं ठरवलं आहे. हरभऱ्याची डाळ कुठून मिळवायची ते मी बघतो.

सांभाळून राहा. दुसऱ्याच्या मुलीला वाढवणं सोपं नसतं, पण तुला जमेल.

ही शेजारी बसून कधीची विचारते आहे, 'लिवलं का सगळं?' मी म्हणालो, लिहिलं. आता म्हणते, 'मग वाचून दाखवा.'

तेवढं मला जमणार नाही, म्हणून पाकीट आधी चिकटवतो.

तुझा मामा,
रंगनाथ